नाव, गाव, वय, नातेवाईक

न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात मी बरीच वर्षं काम करते. पुस्तकांची देवघेव चालूच असते, पण आमचा अर्धा दिवस आता कॉम्प्युटरपाशी अडलेल्या माणसांना हात देण्यात जातो. कुणाला भारताच्या व्हिसाचा अर्ज भरायचा असतो, कुणाचं विम्याचं खातं उघडत नसतं, कुणाला मुलानं पाठवलेला फोटो छापून हवा असतो. आजूबाजूला मराठी वस्ती भरपूर, त्यामुळे ‘ताई, जरा बघता का?’ हे सतत कानावर पडतं.

मागे सत्तरी ओलांडलेले एक काका असेच आले. आदल्या दिवशी त्यांना फोन आला होता. ‘तुमच्या नातवाचा अपघात झालाय, पोलिसांनी त्याला धरलंय, जामिनासाठी ताबडतोब पैसे लागतील.’ फोन करणाऱ्यानं कॉलेजात शिकणाऱ्या नातवाचं नाव बरोबर सांगितलं. सुनेचं नाव सांगितलं, तेही माहेरच्या आडनावासकट. काकूंनी प्रसंगावधान राखून दुसऱ्या फोनवरून सुनेला विचारलं म्हणून पैसे वाचले. काकांची झोप मात्र उडाली होती. ‘पैशाचं सोडा हो,’ ते म्हणाले, ‘त्याला आमच्या घरातली माणसं कशी माहीत?’

मी त्यांचं नाव आणि गाव गूगलमध्ये टाकलं. पहिल्याच काही निकालांमध्ये माणसं शोधून देणाऱ्या साइट होत्या. त्यातली एक उघडली. पूर्ण नाव, वय, जन्माचा महिना आणि वर्ष. सध्याचा पत्ता, नकाशासकट. त्याखाली जुने पत्ते, अगदी अमेरिकेत आल्यावर भाड्यानं घेतलेल्या पहिल्या अपार्टमेंटपर्यंत. घरचा फोन, मोबाइल, बंद पडलेला एक नंबर. आणि सगळ्यात खाली ‘संभाव्य नातेवाईक’ या मथळ्याखाली काकू, मुलगा, मुलगी, जावई, नातू आणि दोन्ही आडनावांनी सून. प्रत्येक नावावर टिचकी मारली की त्या माणसाचं तसंच पान उघडत होतं. हे सगळं फुकट. त्या भामट्यानं माहिती इथूनच उचलली, असं मी सांगू शकत नाही. पण त्याला लागणारी प्रत्येक गोष्ट या एका पानावर होती.

स्पोकिओ, व्हाइटपेजेस, बीनव्हेरिफाइड, इंटेलियस, ट्रूथफाइंडर, ट्रूपीपलसर्च, फास्टपीपलसर्च, रडारिस ही त्यातली ठळक नावं. अशा साइट अमेरिकेत शेकड्यांनी आहेत. काही पानभर माहिती फुकट दाखवून जाहिरातींवर पैसे कमावतात, काही अर्धवट दाखवून बाकीच्यासाठी महिन्याची वर्गणी मागतात. यातलं बहुतेक कायदेशीर आहे, आणि हेच लोकांना पटत नाही. काकाही मला म्हणाले, ‘पोलिसात तक्रार केली तर?’ तक्रार करण्याजोगा गुन्हा त्या पानापुरता झालेलाच नसतो.

ही माहिती येते कुठून? अमेरिकेत घर विकत घेतलं की त्याचं खरेदीखत काउंटीच्या कचेरीत नोंदवलं जातं आणि ते कुणालाही पाहता येतं. नागरिकत्व घेऊन मतदार यादीत नाव घातलं की अनेक राज्यांत ती यादी विकत किंवा मागून मिळते. लग्न, घटस्फोट, दिवाळखोरी, कोर्टाचे खटले यांच्या नोंदी आहेतच. डॉक्टर, दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट यांना केंद्र सरकारकडून एक ओळख क्रमांक घ्यावा लागतो. त्या क्रमांकाची यादी जाहीर असते आणि तिच्यात पत्र पाठवण्याचा पत्ताही असतो. आपल्याकडच्या कित्येक डॉक्टरांनी सुरुवातीच्या काळात तिथे घरचाच पत्ता दिलेला असतो आणि तो बदलायचा राहून गेलेला असतो. याशिवाय दुकानांची सवलतीची कार्डं, मासिकांच्या वर्गण्या, मिक्सर किंवा टीव्ही घेतल्यावर भरून पाठवलेली वॉरंटीची कार्डं. घर बदलल्यावर टपाल खात्याकडे पत्ताबदल नोंदवावा, तर ज्या कंपन्यांकडे आपला जुना पत्ता आहे त्यांना परवानाधारक यादीमार्फत नवा पत्ता मिळतो.

यातली एकेक नोंद तशी निरुपद्रवी. काउंटीच्या कचेरीत जाऊन खतांच्या वह्या चाळणारा माणूस पूर्वीही होता, पण त्याला तिथवर जावं लागे, वेळ घालवावा लागे आणि नेमकं काय शोधायचं ते ठाऊक असावं लागे. फोनची डिरेक्टरी घरोघर असायची. ज्याला तिच्यात नाव नको असेल त्याला थोडे पैसे भरून ते वगळून घेता येई. या साइट चालवणाऱ्या माहितीच्या दलालांनी केलेला बदल एवढाच की पंचवीस ठिकाणी विखुरलेल्या नोंदी एका माणसाच्या नावाखाली आणून जोडल्या. मला सगळा धोका या जोडण्यात दिसतो.

हे जोडकाम यंत्र करतं आणि मराठी नावांपाशी ते हमखास गडबडतं. आपल्या नावात मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काही घरांत पहिलंही बदलतं. पासपोर्टवर एक, बँकेत दुसरं, नोकरीच्या ठिकाणी तिसरं स्पेलिंग. देशपांडे, दीक्षित, क्षीरसागर ही आडनावं रोमन लिपीत किती प्रकारे लिहिली जातात ते आपण जाणतोच. मग एकाच बाईची तीन-चार पानं तयार होतात. एका पानावर ती माहेरच्या नावानं, दुसऱ्यावर सासरच्या, तिसऱ्यावर नवऱ्याचं नाव तिचं मधलं नाव म्हणून. कुठे कुठे सासूबाई आणि सून यांचं एकच पान झालेलं मी पाहिलं आहे, कारण दोघींच्या नावाचं आद्याक्षर, आडनाव आणि पत्ता एकच. म्हणून स्वतःचं नाव शोधताना एकदाच शोधून भागत नाही. माहेरचं, सासरचं, आद्याक्षर घालून, आद्याक्षर न घालता, चुकीच्या स्पेलिंगनं, असं सगळ्या प्रकारे शोधावं लागतं. आईचं माहेरचं आडनाव हा बँकांचा जुना सुरक्षाप्रश्न. त्याचं उत्तर ‘संभाव्य नातेवाईक’ या मथळ्याखाली उघडं पडलेलं असतं.

चुकीची माहिती हाही गंभीर मामला आहे. टॉमस रॉबिन्स नावाच्या गृहस्थांनी स्पोकिओवर खटला भरला होता. त्यांच्या पानावर ते विवाहित आहेत, मुलंबाळं आहेत, पन्नाशीत आहेत, उच्चशिक्षित आणि नोकरीवाले आहेत असं लिहिलं होतं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे यातलं काहीच खरं नव्हतं, आणि ते तेव्हा नोकरी शोधत होते. खटला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१६ मध्ये तिथून पुन्हा खालच्या न्यायालयात आला. त्याआधी २०१२ मध्ये केंद्रीय व्यापार आयोगानं याच कंपनीकडून आठ लाख डॉलर वसूल केले होते. नोकरी देणाऱ्यांना उमेदवारांची माहिती विकताना कायद्यानं घातलेली पथ्यं पाळली नाहीत, हा आक्षेप होता. म्हणूनच आज या साइटवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की नोकरी देण्यासाठी किंवा भाडेकरू ठेवण्यासाठी ही माहिती वापरू नये. घरमालक ती वाचून भाडेकरू नाकारतो की नाही, हे कोण बघायला जातं?

या धंद्यात माणसांचे जीव गेले आहेत. १९९९ मध्ये न्यू हॅम्पशर राज्यातल्या नॅशुआ गावात एमी बॉयर ही वीस वर्षांची मुलगी कामावरून निघताना गोळी घालून मारली गेली. शाळेपासून तिच्या मागावर असलेल्या तरुणानं ती कुठे काम करते हे इंटरनेटवरच्या एका माहितीविक्या कंपनीकडून १०९ डॉलरला विकत घेतलं होतं. तिच्या आईनं त्या कंपनीवर दावा लावला. माहिती विकणाऱ्यानंही वाजवी काळजी घेतली पाहिजे, कारण त्यातून कुणी पाठलाग करील हे त्याला कळायला हवं, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये सांगितलं.

दुसरी घटना आमच्या शेजारची आहे. १९ जुलै २०२० चा रविवार. नॉर्थ ब्रन्सविक गावात केंद्रीय न्यायाधीश एस्तर सॅलस यांच्या घराची बेल वाजली. दारात कुरिअरवाल्याच्या वेषातला माणूस होता. त्यानं त्यांच्या वीस वर्षांच्या मुलाला, डॅनिअलला, ठार केलं आणि नवऱ्याला गंभीर जखमी केलं. मारेकरी वकील होता, त्याचा एक खटला त्यांच्यासमोर चालला होता. त्यानं इंटरनेटवरून न्यायाधीशबाईंची माहिती पद्धतशीर जमवली होती. त्या आठवड्यात आमच्या ग्रंथालयात दुसरं बोलणं नव्हतं. एकुलता एक मुलगा गेल्यावर त्या आईनं जे केलं त्याबद्दल मला फार आदर आहे. त्यांनी कॅमेऱ्यासमोर येऊन घरचे पत्ते असे विकत मिळू नयेत अशी मागणी केली आणि ती लावून धरली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यू जर्सीत ‘डॅनिअलचा कायदा’ झाला, आणि २०२२ च्या डिसेंबरात केंद्रीय न्यायाधीशांसाठी देशाचा कायदा झाला. न्यू जर्सीत न्यायाधीश, सरकारी वकील, पोलिस यांनी लेखी मागणी केली की दहा कामकाजाच्या दिवसांत त्यांचा पत्ता आणि नंबर काढावा लागतो. नाही काढला तर दंड. २०२४ मध्ये या कायद्याखाली शंभराहून जास्त कंपन्यांवर दावे लागले.

आणि १४ जून २०२५ ला मिनेसोटात आमदार मेलिसा हॉर्टमन आणि त्यांचे पती यांची घरात घुसून हत्या झाली. आरोपीकडे सापडलेल्या वह्यांत माणसं शोधून देणाऱ्या अकरा साइटची यादी होती, अशी नोंद तपास यंत्रणेनं कोर्टापुढे ठेवली.

न्यायाधीश आणि आमदार यांची नावं वर्तमानपत्रात येतात. माझ्या काउंटरवर येणाऱ्या माणसांची येत नाहीत. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून घर सोडलेली एक तरुण मराठी मुलगी आली होती. दुसऱ्या गावात तिनं खोली घेतली होती. तिचं स्वतःचं पान आम्ही दोघींनी बसून काढून टाकलं. मग मी तिच्या बहिणीचं नाव टाकून पाहिलं, तर तिच्या पानावर ‘नातेवाईक’ म्हणून हिचं नाव होतंच आणि त्याच्याशेजारी नव्या गावाचंही. फोनचं कनेक्शन बहिणीच्या घरच्या खात्यात घेतलेलं होतं. त्या दिवशी तिच्या बहिणीला फोन करून बोलावून घेतलं, तिचं पान काढलं, मेव्हण्याचं काढलं. एकट्यानं आपलं नाव काढून उपयोग होत नाही. घरातल्या प्रत्येकाचं पान हे दुसऱ्याच्या पानाकडे जाणारं दार असतं.

अशा अवस्थेतल्या बाईनं पुढची गोष्ट आधी करावी: जे पान दिसतंय त्याचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवावा, तो पुरावा आहे. मग राज्याच्या पत्तागोपन योजनेची चौकशी करावी. न्यू जर्सीसह बऱ्याच राज्यांत ही योजना आहे. सरकार एक पर्यायी टपाल पत्ता देतं, आणि शाळा, कचेऱ्या, मतदार नोंदणी यांसाठी तोच वापरता येतो. आमच्या भागात ‘मानवी’ ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करते. तिथे आपली भाषा आणि आपली घरं समजणारी माणसं भेटतात.

आता पान काढायचं कसं, ते सविस्तर सांगते. घाईचं काम नाही, एक सुट्टीची दुपार लागते.

सुरुवातीला एक वेगळा ईमेल पत्ता उघडावा, फक्त याच कामासाठी. रोजचा पत्ता या लोकांना देऊ नये. वही घ्यावी आणि साइटचं नाव, तारीख, काय सांगितलं हे लिहीत जावं. मग साइटवर जाऊन आपलं पान शोधावं आणि वर पट्टीत दिसणारा त्या पानाचा पूर्ण पत्ता, म्हणजे लिंक, कॉपी करावी. पानाच्या अगदी तळाशी, बारीक आणि फिकट अक्षरांत ‘ऑप्ट आउट’, ‘माझी माहिती विकू नका’ किंवा ‘प्रायव्हसी’ अशी काहीतरी ओळ असते. तिथे टिचकी मारली की अर्ज उघडतो. स्पोकिओवर ती लिंक चिकटवायची, ईमेल द्यायचा आणि ईमेलमध्ये आलेल्या लिंकवर टिचकी मारून कायम करायचं. ही शेवटची टिचकीच बहुतेक लोक विसरतात. पत्र स्पॅममध्ये जाऊन पडतं आणि अर्ज तसाच राहतो. एखाद्या साइटवर यंत्राचा फोन येतो आणि पडद्यावर दिसणारा कोड फोनवर दाबावा लागतो. ज्येष्ठ मंडळी इथे घाबरतात, कारण अनोळखी फोनवर कोड देऊ नका असं आपणच त्यांना शिकवलेलं असतं. म्हणून त्यांच्या शेजारी बसून हे करावं.

इंटेलियस, ट्रूथफाइंडर, इन्स्टंट चेकमेट आणि यूएस सर्च या साइट एकाच कंपनीच्या आहेत. तिच्याकडे एक अर्ज केला की चारही ठिकाणचं काम होतं. तिथे जन्मतारीख मागतात. ती त्यांच्याकडे आधीच असते, जुळवण्यापुरती द्यायला हरकत नाही. सोशल सिक्युरिटी क्रमांक मात्र कुणी मागितला तर तिथेच थांबावं. ओळखपत्राचा फोटो मागितला तर क्रमांक आणि छायाचित्र झाकून द्यावा. आणि पैसे कुणालाही देऊ नयेत. आपलंच नाव काढायला शुल्क मागणाऱ्या साइटवरून उठून यावं.

काही ठिकाणी ती ‘ऑप्ट आउट’ची ओळ सापडतच नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ‘द मार्कअप’ आणि ‘कॅलमॅटर्स’च्या पत्रकारांनी दाखवून दिलं की ३५ दलालांनी आपल्या माहिती-काढण्याच्या पानावर असा कोड घातला होता की ते पान गूगलच्या शोधात येऊच नये. कायद्यानं पान ठेवायला लावलं, म्हणून ठेवलं आणि दडवलं. मला याचा संताप येतो. सत्तरीतल्या माणसानं हे पान शोधायचं तरी कसं? अशा वेळी पत्रकार याएल ग्राउअर यांनी तयार करून ठेवलेली दलालांची यादी फार उपयोगी पडते. प्रत्येक साइटचं काढण्याचं पान कुठे आहे, काय मागतात, हे त्यांनी एकेक करून लिहून ठेवलं आहे, आणि ती यादी फुकट आहे. आमच्या काउंटरच्या कॉम्प्युटरवर ती कायम उघडी असते.

साइटवरून पान गेलं तरी गूगलमध्ये काही दिवस दिसत राहतं. त्यासाठी गूगलचीच ‘रिझल्ट्स अबाउट यू’ ही सोय आहे, २०२२ पासून. आपलं नाव, पत्ता, नंबर तिथे नोंदवला की तो असलेले निकाल गूगल दाखवतं आणि काढण्याची विनंती घेतं. पण यानं फक्त गूगलमधली वाट बंद होते, मूळ पान जिथल्या तिथे राहतं. म्हणून आधी साइट, मग गूगल, असा क्रम ठेवावा.

‘हे काम करून देणाऱ्या कंपन्या आहेत ना?’ मुलं विचारतात, कारण त्यांना वेळ नसतो. आहेत. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकसंस्थेनं २०२४ मध्ये तेरा साइटवर त्यांची परीक्षा घेतली. हातानं केलेल्या अर्जांनी सुमारे ७० टक्के पानं गेली. वर्षाला वीस डॉलर घेणारी ‘ईझीऑप्टआउट्स’ ही सेवा ६५ टक्क्यांपर्यंत पोचली आणि तिच्याहून कितीतरी महाग असलेल्या काही सेवा बऱ्याच मागे राहिल्या. किंमत जास्त म्हणून काम चांगलं, असा हिशेब इथे चालत नाही. दुसरा धडा त्याच वर्षी मार्चमध्ये मिळाला. वनरेप नावाची एक सेवा लोकांची नावं काढून देत असे, आणि फायरफॉक्सवाल्या मोझिलानं तिच्याशी भागीदारी केली होती. सुरक्षाविषयक पत्रकार ब्रायन क्रेब्स यांनी उघड केलं की तिच्या प्रमुखानंच पूर्वी माणसं शोधून देणाऱ्या डझनावारी साइट काढल्या होत्या आणि त्यातल्या एकीत त्याची मालकी तेव्हाही होती. वनरेपच्या प्रमुखानं हे मान्य केलं. वेळ नसेल तर स्वस्तातली सेवा जरूर घ्यावी, पण आधी चार मोठ्या साइट स्वतःच्या हातानं कराव्यात, असं मी सांगते.

पुन्हा नाव येतं का? येतं. घर बदललं, कर्ज नव्यानं घेतलं, नवा फोन घेतला की नवी नोंद तयार होते आणि पान पुन्हा उगवतं. तीन-चार महिन्यांनी एकदा वही उघडून तपासावं लागतं. हे कष्ट नागरिकावर का टाकले आहेत, हा माझा खरा प्रश्न आहे. माहिती त्यांनी न विचारता घेतली. काढायची मात्र आपण, एकेका दारी जाऊन. आणि त्यांच्याकडून ती सांभाळली तरी जाते का? फ्लॉरिडातल्या ‘नॅशनल पब्लिक डेटा’ या दलालाकडून सोशल सिक्युरिटी क्रमांकांसकट प्रचंड माहिती चोरीला गेल्याचं २०२४ मध्ये उघड झालं. चोरांचा दावा २९० कोटी नोंदींचा होता. त्या ऑक्टोबरात मालक कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

कॅलिफोर्नियानं यावर सगळ्यात नेटका उपाय काढला आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात मंजूर झालेल्या ‘डिलीट ॲक्ट’नुसार राज्यानं एक सरकारी पोर्टल उभं केलं, त्याचं नाव ‘ड्रॉप’. १ जानेवारी २०२६ पासून रहिवाशाला तिथे एकच अर्ज करता येतो आणि तो नोंदणीकृत सगळ्या दलालांना लागू होतो. १ ऑगस्ट २०२६ पासून दलालांनी दर ४५ दिवसांनी पोर्टल तपासून माहिती काढणं बंधनकारक आहे. न काढल्यास दर अर्जामागे दर दिवशी दोनशे डॉलर दंड. सरकारी दप्तरातून आलेली जाहीर माहिती त्यातून वगळली आहे, म्हणजे खरेदीखतावरचा पत्ता राहू शकतो. तरीही अर्ज एकदाच करायचा आणि पाठपुरावा सरकारनं करायचा, हे तत्त्व बरोबर आहे. सान होजे, फ्रीमाँट भागात ज्यांची मुलं आहेत त्यांनी त्यांना हे आजच कळवावं.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे दूरचं वाटू नये. मतदार यादीत आपलं नाव, वय, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि घरक्रमांक जाहीर असतो. सातबारा महाभूलेखवर दिसतो. या नोंदी एका नावाखाली जोडून विकण्याचा अमेरिकेसारखा उघडा बाजार आपल्याकडे अजून फोफावलेला नाही, एवढंच. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा माहिती पुसून मागण्याचा हक्क देतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. पण कायद्यानुसार जाहीर करावी लागलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. अमेरिकेत नेमक्या त्याच फटीतून हा धंदा वाढला. सध्या आपल्या हातात आहे तेवढं करावं: ट्रूकॉलर वापरत नसाल तर खातं बंद करून त्यांच्या साइटवरून आपला नंबर यादीतून काढून घ्यावा. सोसायटीच्या, शाळेच्या, मंडळाच्या याद्या सगळ्यांना दिसतील अशा ठिकाणी टाकू नयेत. स्मरणिकेत देणगीदारांचे घरचे पत्ते छापण्याची पद्धत तर आता सोडलीच पाहिजे.

ती स्मरणिका पीडीएफ होऊन मंडळाच्या साइटवर वर्षानुवर्षं पडून असते. इथल्या एका मराठी कार्यक्रमाची जुनी पुस्तिका मी मध्यंतरी पाहिली. नाव, जोडीदाराचं नाव, मुलांची नावं, गाव, फोन, सगळं एका ओळीत, शेकडो कुटुंबांचं. ती प्रेमानं छापलेली होती, एकमेकांना शोधता यावं म्हणून. कार्यकारिणीला सांगितल्यावर त्यांनी ती त्याच आठवड्यात उतरवली, हे आवर्जून नोंदवते.

न्यू जर्सीतल्या मराठी मतदारांना माझं सांगणं आहे. डॅनिअलच्या कायद्यानं न्यायाधीशाला आणि पोलिसाला जे संरक्षण दिलं, ते परिचारिकेला, शिक्षिकेला आणि घर सोडून आलेल्या मुलीलाही मिळालं पाहिजे, आणि कॅलिफोर्नियासारखं एका अर्जाचं पोर्टल आपल्या राज्यातही झालं पाहिजे. आपल्या भागाच्या असेंब्ली सदस्यांना आणि राज्याच्या सिनेटरला हे दोन मुद्दे लिहून पाठवा. आणि तोवर येत्या शनिवारी आईवडिलांच्या शेजारी कॉम्प्युटर घेऊन बसा, आधी त्यांची पानं काढा, मग स्वतःची. अडलं तर तुमच्या गावच्या ग्रंथालयात जा. तिथे या कामाचे पैसे पडत नाहीत.